उपचाराचा खर्च कोणाच्या माथी : भारतातील आरोग्यसेवेची रचना आणि तिचे अर्थकारण
(प्रस्तावना)

आजारपण हे घरखर्चातील असे कलम आहे की ज्याचा अंदाज कोणत्याही कुटुंबाला आधी बांधता येत नाही. धान्य, घरभाडे, मुलांची फी यांचा मेळ महिन्याच्या मिळकतीशी कसाबसा घालता येतो. पण अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, अडलेले बाळंतपण किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा करावे लागणारे डायलिसिस यांची वेळही कुटुंबाच्या हातात नसते आणि रक्कमही. म्हणून आरोग्यसेवेच्या अर्थकारणात एकूण खर्च किती होतो याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व तो केव्हा आणि कोणाच्या हातून होतो याला आहे. हा पैसा आजार येण्यापूर्वीच सर्वांनी मिळून थोडाथोडा भरलेला असेल, तर रोग्याला फक्त रोगाशी झुंजावे लागते. तो आजाराच्या दिवशी, रोग्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांनी उभा करायचा असेल, तर त्याच घराला सावकाराचा, सोनाराचा आणि पतपेढीचा उंबरठाही झिजवावा लागतो. प्रस्तुत ग्रंथात भारतातील आरोग्यसेवेची रचना आणि तिच्यासाठी लागणारा पैसा यांचा एकत्र विचार केला आहे, कारण दवाखाना कोठे उभा राहतो, त्यात कोण काम करते आणि कोणाला परत पाठवले जाते, हे बहुतांशी पैसा कोणत्या वाटेने आला यावरून ठरते.

या वाटा जगभर मुख्यतः चार आहेत. पहिली कराची : सरकार सर्वांकडून कर घेते आणि त्यातून दवाखाने चालवते किंवा डॉक्टरांना मोबदला देते; ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा हे तिचे ठळक उदाहरण. दुसरी सामाजिक विम्याची : कामगाराच्या पगारातून आणि मालकाच्या तिजोरीतून ठराविक टक्के वर्गणी कायद्याने वसूल होते आणि त्या निधीतून उपचार मिळतो; जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८३ साली ही पद्धत कायद्याने आली. तिसरी खाजगी विम्याची, जिच्यात हप्ता भरण्याची ऐपत असणाराच संरक्षण विकत घेतो. चौथ्या वाटेला अर्थशास्त्रज्ञ खिशातून होणारा खर्च म्हणतात. उपचाराच्या वेळी रुग्णाने थेट दिलेली आणि नंतर कोणाकडूनही परत न मिळणारी रक्कम, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या दोन वाटांमध्ये जोखमीची वाटणी होते, म्हणजे धडधाकट माणसाचा पैसा आजाऱ्याच्या आणि सधनाचा पैसा गरिबाच्या कामी येतो. चौथीत वाटणी मुळीच होत नाही, आणि जो जितका अधिक आजारी तो तितका अधिक भरतो.

विकसनशील देशाची अडचण अशी की पहिल्या दोन्ही वाटा त्याच्याकडे अरुंद असतात. कर देणारे थोडे आणि करावर हक्क सांगणारी कामे अनेक, त्यामुळे सरकारी तिजोरीतून आरोग्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. आणि पगारातून वर्गणी कापायची म्हटली तर बहुसंख्य कष्टकऱ्यांना पगारपत्रकच नसते. बीडहून सहा महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड जोडप्याचा मालक कोण, मुकादम की कारखाना, याचेच उत्तर जेथे सरळ मिळत नाही, तेथे मालकाचा हिस्सा कोणाकडून घ्यायचा? अशा समाजात उरलेली सारी जागा चौथी वाट व्यापते. भारत सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशात आरोग्यावर होणारा सरकारी, खाजगी आणि घरगुती असा सर्व खर्च एकत्र मांडणाऱ्या हिशेबानुसार, २०१३-१४ साली एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून दिली होती. स्वातंत्र्यानंतर सहा दशके उलटून गेल्यावरचा हा आकडा आहे, आणि ज्या आराखड्यावर स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेची पायाभरणी झाली त्यात नेमक्या उलट चित्राची कल्पना होती.

तो आराखडा सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ साली अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० माणसांमागे एक परिचारिका होती. उपचाराचे दाम देता येत नाहीत या कारणाने एकही माणूस वैद्यकीय मदतीवाचून राहू नये, हे समितीने मूलतत्त्व म्हणून मांडले, आणि त्यासाठी कराच्या पैशातून चालणारी, रोगप्रतिबंध आणि रोगोपचार एकाच छताखाली आणणारी सेवा सुचवली. दूरच्या उद्दिष्टात दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांच्या रुग्णालयासह एक प्राथमिक केंद्र होते, आणि तोवरची सोय म्हणून ४०,००० लोकांमागे एक लहान केंद्र. पुढे ही तात्पुरती सोयच कायमची ठरली. समितीचा आणखी एक निर्णय दूरगामी होता : अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करून वैद्यकी करणाऱ्या परवानाधारक डॉक्टरांचा वर्ग बंद करून सर्वत्र एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर तयार करावा, असे बहुमताने ठरले आणि काही सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला. दर्जाच्या दृष्टीने बहुमताचे म्हणणे योग्य होते. पण खेड्यात राहून काम करील असा वैद्य कोठून आणायचा, हा विरोधकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ग्रामीण भागातील कोणत्याही प्राथमिक केंद्रातली रिक्त पदांची यादी पाहिली की त्या जुन्या मतभेदाची आठवण होणे अपरिहार्य आहे.

त्याच सुमारास दुसरे दोन विचारप्रवाह वाहत होते. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्ष कर्नल साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते, आणि त्यांच्या उपसमितीने गावातूनच निवडलेल्या, थोडक्या काळात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांवर भर दिला. तिकडे प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सरकारला सादर केली, जिच्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तिची अंमलबजावणी सुरू झाली. आज या योजनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम घेतली जाते आणि त्याबदल्यात कामगार व त्याच्या कुटुंबाला उपचार, तसेच आजारपणातील वेतनभरपाई मिळते. मुंबईत कामगार रुग्णालय या नावाने लोक जिला ओळखतात ती ही व्यवस्था. तिची मर्यादा मुंबईनेच सर्वांत तीव्रतेने अनुभवली, कारण १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतली कामे गेली तेव्हा पगाराबरोबर विम्याचे छत्रही गेले. म्हणजे कराधारित सेवा सर्वांसाठी ठरली पण तिला पैसा पुरला नाही, आणि विमाधारित सेवेला पैसा होता पण ती संघटित कामगारांपुरतीच राहिली. या दोहोंच्या मधला कोट्यवधींचा समाज खिशावर विसंबून राहिला. भारताने कोणती वाट धरायची याचा स्पष्ट निर्णय त्या दशकात झाला नाही, आणि आजच्या गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत, म्हणजे त्यांची मुख्य जबाबदारी राज्य सरकारांची आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली आणि हळूहळू तीन पायऱ्यांची रचना स्थिरावली. साधारण ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ला ३० खाटांचे सामुदायिक आरोग्य केंद्र, ज्याला महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय म्हणतात. डोंगराळ आणि आदिवासी भागांत हेच प्रमाण ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे आहे. उपकेंद्रात आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक असतात, लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, साथीच्या तापाचे रक्तनमुने, कुटुंब नियोजन ही कामे त्यांच्याकडे असतात, आणि २०१८ नंतर अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आल्यामुळे रक्तदाब व मधुमेहाची तपासणीही तेथे होऊ लागली आहे. प्राथमिक केंद्रात एम.बी.बी.एस. डॉक्टर आणि मोजक्या खाटा असतात. ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चौघे असावेत अशी अपेक्षा आहे, आणि ही रचना सर्वांत जास्त याच पायरीवर खचते : केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत अशा केंद्रांमधील तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. भूलतज्ज्ञ नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही सिझेरियन करता येत नाही, आणि अडलेल्या बाईला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून पुढच्या, बहुधा जिल्ह्याच्या गावी हलवावे लागते. अशा वेळी रुग्णालयाची इमारत, खाटा, परिचारिका यांवर झालेला सारा खर्च त्या एका रात्रीपुरता निरुपयोगी ठरतो.

महाराष्ट्रात या शिडीला आणखी एक सांधा आहे, ज्याची चर्चा जितकी व्हायला हवी तितकी होत नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हापासून उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आहेत व त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी असतो. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या संस्था थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत व त्यांचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक असतो. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये तिसऱ्याच, वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. आणि मुंबईसारख्या शहरात केईएम, नायर, सायन ही मोठी रुग्णालये महानगरपालिकेची, तर जे. जे. रुग्णालय राज्य सरकारचे. जिल्हा परिषदेकडे प्राथमिक सेवा सोपवण्यामागे लोकप्रतिनिधींचे जवळून लक्ष राहावे हा विचार होता आणि तो आजही समर्थनीय आहे. मात्र प्राथमिक केंद्रातून चिठ्ठी घेऊन निघालेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयाच्या दारात पोचतो तेव्हा तो एका कार्यालयाच्या कागदांतून दुसऱ्याच्या कागदांत जातो. तेथे नव्याने केसपेपर निघतो, आणि घरी परतल्यावर त्याच्या टाक्यांकडे, गोळ्यांकडे, पुढच्या तपासणीकडे पाहण्याचे काम कोणाचे, याबद्दल दोन्हीकडे अस्पष्टता राहते. पाठवणी आणि परतपाठवणी यांचा धागा जुळल्याखेरीज पायऱ्यांच्या रचनेला अर्थ येत नाही.

आता पैशाच्या प्रवासाकडे वळता येईल. विषय राज्यांचा असला तरी कर गोळा करण्याची मोठी साधने केंद्राकडे आहेत, आणि केंद्राने आरंभापासून आपला पैसा एकेका रोगाच्या किंवा उद्दिष्टाच्या नावाने दिला. १९५३ चा राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम हा त्यांपैकी मोठा. त्यापाठोपाठ क्षय, कुष्ठरोग आणि सर्वांवर मात करणारा कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम आला. अशा कार्यक्रमांना उभे कार्यक्रम म्हणतात, कारण दिल्लीपासून गावापर्यंत एकाच कामासाठी वेगळी माणसे, वेगळी वाहने आणि वेगळा हिशेब असतो. देवीचे उच्चाटन अशाच पद्धतीने झाले, हे तिचे श्रेय. पण नसबंदीच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट हेच आरोग्य केंद्राच्या कामाचे माप ठरल्याने, विशेषतः आणीबाणीच्या काळात, आरोग्य खात्याचा माणूस दारात आला की लोक धास्तावू लागले, आणि तो विश्वास परत मिळवायला पुढच्या पिढीच्या सेविकांना फार कष्ट पडले.

१२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने या तुकड्यांना एकत्र गुंफण्याचा प्रयत्न केला. राज्ये आपापला वार्षिक आराखडा करतात, केंद्र तो मंजूर करते, आणि बहुतेक राज्यांत खर्चाची वाटणी आता केंद्र ६० व राज्य ४० टक्के अशी आहे. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ती ९० व १० आहे. प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समितीमार्फत थोडा अबंधित निधी मिळू लागला, म्हणजे कोणत्याही शीर्षाला न बांधलेली अशी रक्कम की जिच्यातून फुटलेला नळ किंवा संपलेला जंतुनाशक द्रव वरून मंजुरी येण्याची वाट न पाहता आणता येतो. हा निधी लहान असला तरी डॉक्टरच्या आणि सिस्टरच्या हाताला त्याने जे बळ दिले त्याचे मोल मोठे आहे. उलट बाजूने, अभियानाची बहुतेक पदे कंत्राटी राहिली. आणि आराखड्याची मंजुरी, राज्याचा हिस्सा व प्रत्यक्ष वितरण या टप्प्यांतून पैसा खाली यायला आर्थिक वर्षाचे कितीतरी महिने जातात, मग मार्चमध्ये खर्चाची घाई होते.

या अभियानाची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे आशा. साधारण हजार वस्तीमागे एक, त्याच गावची, गावानेच निवडलेली स्त्री ही कल्पना दिल्लीत जन्मली नव्हती; तिला महाराष्ट्राच्या मातीत दीर्घ पूर्वपीठिका आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात निरक्षर, अनेकदा दलित कुटुंबांतल्या स्त्रियांनी ग्रामआरोग्य सेविका म्हणून काम केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवले की त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून हीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामाचा भाग झाली. रुग्णालयात जन्मलेले बाळ घरी आले की आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. हात धुऊन बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवते, काखेत थर्मामीटर लावते, मिनिटभर श्वास मोजते, नाळेकडे पाहते, आईला अंगावर पाजताना बसण्याची रीत दाखवते आणि सारे नमुन्यात भरते. या सर्व भेटी पूर्ण झाल्या की तिला मिळणारा मोबदला २५० रुपये असा ठरवला गेला. ती सरकारी नोकर मानली जात नाही, स्वयंसेविका मानली जाते, म्हणून तिला पगार नसून कामागणिक मोबदला आहे. त्यावर राज्ये काही निश्चित रक्कम देतात, आणि ती वाढावी, वेळेवर मिळावी यासाठी महाराष्ट्रातील आशांना व त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तकांना वारंवार संपावर जावे लागले आहे. ज्या पायरीवर एका रुपयातून सर्वांत जास्त जीव वाचतात, त्या पायरीवरच्या बाईला देशाने सर्वांत कमी द्यावे, हे अर्थशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही आणि न्यायाच्या तर नाहीच.

सरकारी रचना अशी अपुरी राहिली तेव्हा लोक थांबून राहिले नाहीत; ते खाजगी डॉक्टरकडे गेले. भारतातील खाजगी वैद्यकीय क्षेत्र कोणत्याही पंचवार्षिक योजनेने आखलेले नाही. गल्लीतला फॅमिली डॉक्टर, तालुक्याच्या गावी डॉक्टर दांपत्याने घराच्या तळमजल्यावर काढलेले वीस खाटांचे नर्सिंग होम, विश्वस्त संस्थांची रुग्णालये आणि अलीकडे भागभांडवलावर उभी राहिलेली साखळी रुग्णालये अशा निरनिराळ्या थरांचे ते बनले आहे, आणि त्या सर्वांना एकच शिक्का मारणे चुकीचे होईल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत, बाळंतपणे वगळता, रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्केच सरकारी रुग्णालयांत गेले होते; दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खाजगीत ३१,८४५ रुपये होता. पहिला आकडाही शून्य नाही, याकडे लक्ष वेधले पाहिजे : बाहेरून आणायला सांगितलेली औषधे आणि तपासण्या यांचा तो खर्च आहे.

खाजगी क्षेत्राचे नियमन महाराष्ट्रात प्रामुख्याने १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने होते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही; २०२१ साली जुन्या कायद्याखालील नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले गेले. हे नियमन किती तोकडे आहे याचा वेदनादायक पुरावा २०१९ साली बीड जिल्ह्यातून आला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत रजा म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, अशा कामाच्या अटी, पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर कर्करोगाची भीती घालणारा सल्ला, आणि गावाजवळ स्त्रीरोगतज्ज्ञ असलेले सरकारी रुग्णालय नसणे या साऱ्यांची ती एकत्रित परिणती होती. धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राकडे एक उपयुक्त साधन आहे : सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. बहुसंख्य गरजूंना ही तरतूद ठाऊकच नसते.

गेल्या दोन दशकांत सरकारने स्वतः सेवा उभारण्याऐवजी ती विकत घेण्याकडे मोठे वळण घेतले. २००७ साली आंध्र प्रदेशात राजीव आरोग्यश्री, २००८ साली केंद्राची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत संरक्षण देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली, आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून जाहीर झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, असा हा क्रम आहे. शेवटच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. या योजनांत नागरिकाला हप्ता भरावा लागत नाही. कराच्या पैशातून सरकार त्याच्या वतीने तो भरते किंवा रुग्णालयाला थेट देय देते. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन नातेवाईक रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या टेबलाशी येतात, आजार यादीत बसतो का ते पाहिले जाते, कागद संगणकावर चढवून पूर्वमंजुरी मागितली जाते, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर आधीच ठरलेला ठोक दर, ज्याला पॅकेज म्हणतात, रुग्णालयाला मिळतो. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस यांसाठी ज्यांना घरदार विकावे लागले असते अशा असंख्य कुटुंबांना या योजनांनी सावरले आहे, आणि त्यांवर टीका करताना हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तरीही त्यांच्या रचनेतच एक मोठी उणीव आहे. त्यांचे संरक्षण मुख्यतः दाखल झाल्यावर मिळते, तर भारतीय कुटुंबाच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग दाखल न होता घेतलेल्या उपचारांवर आणि औषधांवर जातो. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते, मधुमेहाची साखर महिन्या-दोन महिन्यांनी तपासायची असते, आणि या खर्चाला कंटाळून गोळ्या सोडलेल्या माणसाला अर्धांगवायू झाला की योजना त्याच्या मदतीला येते. दुसरी अडचण भूगोलाची : विमा जेथे रुग्णालय आहे तेथेच वापरता येतो, आणि योजनेत सामील झालेली मोठी रुग्णालये पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांभोवती एकवटलेली असल्याने, भामरागडच्या माणसाच्या हातातले कार्ड आणि पुण्याच्या माणसाच्या हातातले कार्ड यांवरची रक्कम सारखी असूनही त्यांचे मोल सारखे नसते.

औषधांचा प्रश्न सोडवणे अशक्य नाही, हे तमिळनाडूने दाखवले आहे. १९९४ साली स्थापन झालेले तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ आवश्यक औषधांची ठराविक यादी करून मूळ नावाने घाऊक खरेदी करते, प्रत्येक खेपेची गुणवत्ता तपासते, आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुकाप्रमाणे आपल्या गरजेनुसार गोदामातून औषध उचलू देते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून त्याच धर्तीवर मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रात खरेदीची जबाबदारी हातोहात बदलत राहिली आणि २०२३ साली त्यासाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह सर्व उपचार निःशुल्क करण्यात आले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. त्याचे खरे मूल्य मात्र औषधाच्या खिडकीवरच ठरणार आहे, कारण फी माफ झाली पण चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची मिळाली तर रुग्णाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

अलीकडील आकडे काही आशा देतात. खिशातून होणारा खर्च २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, आणि त्याच काळात सरकारी आरोग्यखर्च देशांतर्गत उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. दुसरे वर्ष कोविड साथीचे होते, लसीकरणावर आणि तातडीच्या सोयींवर सरकारचा पैसा असाधारण प्रमाणात खर्च झाला होता, त्यामुळे या घसरणीकडे सावधपणे पाहिले पाहिजे. शिवाय खर्च कमी दिसण्याची दोन कारणे असू शकतात, एक म्हणजे उपचार स्वस्त झाला आणि दुसरे म्हणजे परवडत नाही म्हणून तो घेतलाच गेला नाही. टक्केवारीच्या स्तंभातून या दोहोंतला फरक कळत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशांतर्गत उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे ठरवले होते. यातील दुसऱ्या भागाची आठवण सार्वजनिक चर्चेत क्वचितच काढली जाते, आणि प्रस्तुत ग्रंथाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. थायलंड भारताइतकाच विकसनशील म्हणवणारा देश. २००२ साली त्याने असंघटित जनतेसाठी कराच्या पैशातून सर्वसमावेशक योजना आणली, तेव्हा आधीची काही दशके त्याने जिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण आरोग्य केंद्रे बांधण्यात व तेथे डॉक्टर टिकवण्यात घालवली होती. कार्ड देण्याआधी ते चालेल असा दवाखाना तेथे उभा होता.

या सर्व विवेचनात काही विषय जाणीवपूर्वक मागे ठेवले आहेत. आयुर्वेद, होमिओपॅथी आदी पद्धतींच्या डॉक्टरांचे स्थान, मानसिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षणाचे वाढते शुल्क आणि त्याचा डॉक्टरांच्या वर्तनावर होणारा परिणाम यांना स्वतंत्र अभ्यासाची गरज आहे. शहरी गरिबांच्या आरोग्यसेवेचा विचार एका प्रकरणात केला आहे, कारण तीन पायऱ्यांची रचना मुळात खेड्यांसाठी आखलेली असल्याने झोपडवस्तीला कित्येक दशके कोणतीच पहिली पायरी नव्हती, आणि राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान आले तेही २०१३ साली. मांडणीचा क्रम नेहमीच्या पुस्तकांहून उलटा आहे. मोठी रुग्णालये आणि विमा योजना ग्रंथाच्या उत्तरार्धात येतात. आरंभ उपकेंद्राच्या खर्चाच्या हिशेबापासून, आरोग्य सेविकेच्या फिरतीपासून आणि आशेच्या थकलेल्या मोबदल्यापासून केला आहे, कारण तेथे न झालेला खर्च पुढे कोणत्या रुग्णालयात, किती पटीने आणि कोणाच्या खिशातून होतो, याचा माग त्यानंतरच्या प्रकरणांतून काढायचा आहे.